काचेतला समुद्र आणि त्याचे कामकरी

हिंगोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कयाधूला पूर आला म्हणजे दिसते तेवढेच आमचे मोठे पाणी. अशा गावी खाऱ्या पाण्याचे मासे घरात पाळण्याविषयी आम्ही बोलणार, हे ऐकून कोणी हसले तर आम्हांला राग नाही. आम्ही स्वतः या नादात पडलो तेव्हा घरची माणसेही हसली होती, आणि पहिल्या आठ दिवसांत त्यांचेच खरे ठरले.

संघटनेच्या कामानिमित्त तरुणपणी मुंबईस जाणे होई. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय आम्ही प्रथम तेव्हाच पाहिले. हे मत्स्यालय १९५१ साली उघडले. काचेमागून संथपणे फिरणारे ते रंगीत मासे डोळ्यांपुढून हलेनात. पुढे कितीतरी वर्षांनी घरी टाकी घेतली. एका दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पाणी भरले, मीठ घातले आणि तिसऱ्या दिवशी चार मासे आणून सोडले. आठ दिवसांत चारही मेले. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत होते! मग मासे मेले कशाने?

या प्रश्नाच्या उत्तरातच या सगळ्या विद्येचे सार आहे.

मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाची कल्ले जाळतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात व उष्णतेत अमोनियाचे विष अधिक चढते. खुल्या समुद्रात हे विष अफाट पाण्यात विरून जाते. काचेच्या पेटीत ते जाणार कोठे?

निसर्गाने या कामासाठी सूक्ष्म जंतूंच्या दोन पाळ्या लावून दिल्या आहेत. पहिल्या पाळीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या पाळीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि हे बरेच सौम्य असते. जमिनीत हेच काम करणारे जंतू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे काढून दाखविले. आपल्या शेतातल्या मातीतही हे कामकरी राबत असतात. टाकीत ते वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात.

नव्या टाकीत हे कामकरी जवळजवळ नसतातच. ते सावकाश वाढतात, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तिसऱ्या दिवशी मासे सोडले, म्हणजे मजूर भरती होण्यापूर्वीच गिरणी सुरू केली. चूक माशांची नव्हती, पाण्याचीही नव्हती. आमच्या घाईने ते मासे मारले.

तेव्हा पहिला नियम असा की, टाकी भरल्यावर महिना-दीड महिना मासा आणू नये. पाणी फिरते ठेवावे आणि माशांच्या खाद्याची चिमूट अधूनमधून टाकावी, म्हणजे तिच्या कुजण्यातून जंतूंना अन्न मिळते. पाणी तपासण्याचे संच मिळतात. त्यांवर प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरले, की टाकी तयार झाली असे समजावे.

आता पाण्याकडे वळू. कोणी म्हणेल, मीठ तर प्रत्येक घरात आहे, ते पाण्यात घातले की समुद्र झाला. तसे नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड पुष्कळ, पण मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हेही ठरलेल्या प्रमाणात असतात. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत निरनिराळ्या महासागरांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खारटपणा कमीअधिक असला तरी क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते, असे त्याने दाखवून दिले. मिठागरात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियमसारखे बरेच क्षार मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. म्हणून समुद्रातूनच काढलेले मीठ परत पाण्यात घातले तरी समुद्र होत नाही. तसेच, खारे पाणी सगळे सारखे नव्हे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या लोणार सरोवराचे पाणीही खारे आहे, परंतु ते तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात मासा जगत नाही.

सबब मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रणच आणावे. बोअरच्या पाण्यात आधीच निराळे क्षार असतात आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. २०० लिटरच्या टाकीस सुमारे ७ किलो मिश्रण लागते. ते वेगळ्या भांड्यात एक दिवस आधी कालवावे. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ आले म्हणजे ठीक. मात्र भांडे तांब्या-पितळेचे नको. आपल्या घरांत ती फार, पण तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगाय अशा जीवांना विषासारखा आहे. प्लास्टिकची बादली उत्तम.

उन्हाळ्यात पाणी आटते, पण मीठ आटत नाही. २०० लिटरांतून १० लिटर उडून गेले की लिटरमागे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्याने नव्हे. नायट्रेट साठू नये म्हणून आठवड्यास २० लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे. गाळणीचा स्पंज नळाखाली घासूनपुसून धुऊ नये, कारण त्यावर आपले कामकरी राहतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळून घ्यावा.

या माशांना २५ ते २७ अंश उष्णता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. टाकी आतल्या, सावलीच्या खोलीत ठेवावी. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण तेवढ्याने भागेलच असे नाही. मे महिन्यात खोली किंवा पाणी थंड ठेवण्याची ज्याची सोय नाही, त्याने हा नाद करू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

राहिला प्रश्न विजेचा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांशाने कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. लाइट गेली, पंप थांबला, की मासे आणि जंतू दोघेही गुदमरू लागतात. येथे एक जुनी हकीकत आठवते. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. त्यांस हवा मिळावी म्हणून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे लागे. हे काम त्यांच्या घरची मोलकरीण करी. बाईंनी पुढे लिहून ठेवले की, काम थकवणारे खरे, पण त्या मुलीला त्यात गंमतच वाटे. मुलीला काय वाटत होते ते मात्र कोणी तिला विचारून लिहिले नाही. घरात समुद्र जगवण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांतला एक त्या मुलीच्या हातांवर उभा होता. आज तेच काम पंप करतो. बॅटरीवर चालणारा लहान पंप घरी ठेवावाच, आणि तोही बंद पडला तर प्लास्टिकच्या मगाने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे.

शेवटी, मासा कोठून येतो याचाही विचार करावा. फिलिप गॉस याने १८५४ साली काचपेटीवर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडात घरोघर ही हौस पसरली. लोकांनी किनाऱ्यावरची खडकातली डबकी इतकी ओरबाडली की त्याच्याच मुलाने १९०७ च्या आत्मकथेत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. फिलिपाईन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून धरण्याची रीत पडली. त्यात प्रवाळ मरतात, आणि पाणबुड्या मजुराचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. आपल्याकडे समुद्री घोडे आणि कठीण प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा मालवणला गेलात तर प्रवाळाचा वाळका तुकडाही उचलू नका. टाकीला साधा सच्छिद्र दगड चालतो.

मासा घ्यायचा तो पैदास केंद्रात जन्मलेला घ्यावा. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशाची बंदिस्त पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानाने अशा माशांचे पैदास केंद्र उभारले. दुकानदारास स्पष्ट विचारावे, आणि तो उत्तर टाळू लागला तर हात हलवीत परत यावे.

आज आमच्या २०० लिटरच्या टाकीत दोनच क्लाऊन मासे आहेत. पाहुणे विचारतात, एवढ्या मोठ्या टाकीत दोनच? आम्ही त्यांना सांगतो, दोन तुम्हांला दिसतात तेवढे. आणि लाइट गेली की घरातले कोणीतरी न सांगता मग घेऊन टाकीपाशी उभे राहते. पूर्वी हसणारी माणसे ती हीच.