माजी विद्यार्थ्यांस काय विचारावे?

वाणिज्य व व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांतून एक चांगला रिवाज आहे. तेथून शिकून बाहेर पडलेले व नोकरीत किंवा धंद्यात मुरलेले लोक अधूनमधून विद्यार्थ्यांत येऊन बसतात आणि आपला अनुभव सांगतात. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ साली. अशा ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची वाण नाही. आमच्या औरादची गोष्ट निराळी. येथली मुले उदगीर, नांदेड, बीदर, हैदराबाद, पुणे अशी शिकावयास जातात आणि पुष्कळशी तिकडेच रमतात. तेव्हा आपला माजी विद्यार्थी म्हणजे सणासुदीला गावी आलेला कोणाचा तरी थोरला भाऊच. त्याला दोन तास बसवून घेणे मुळीच अवघड नाही. परंतु विचारावे काय?

अशा व्याख्यानांत पाहुणे बहुधा यश सांगतात, त्याआधीचा काळ सांगत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले, आणि किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली, हे आपण वाचतो. पण मधल्या काळात त्यांचे लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. न खपलेला माल समोर पडला असता माणूस घर कसे चालवितो, हे मुलांनी पाहुण्यांस निःसंकोच विचारावे.

दुसरा प्रश्न उधारीचा. हा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, एका तरुणाने डाळीचा व्यापार मांडला. दर महिन्याच्या आरंभी तो ३ लाखांचा माल रोखीने घेतो, त्याच महिन्यात ३ लाख ३० हजारांस विकतो, आणि दुकानदारांना दोन महिन्यांची उधारी देतो. पहिल्या विक्रीचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस हाती यावयाचे. तोवर खरेदीपोटी ९ लाख रुपये बाहेर गेलेले असतात. वहीत नफा ९० हजार, आणि गल्ल्यात छदामही नाही! धंदा नफ्यात असूनही माणूस बुडतो तो असा. यंत्रासाठी कर्ज मिळते. या खेळत्या भांडवलाचा विचार मात्र कोणी आधी करीत नाही. त्यातून आपल्याकडची तूर थोड्याच आठवड्यांत बाजारात येते आणि डाळ वर्षभर विकावयाची असते. ज्याने हे सोसले आहे तो पाच मिनिटांत जे समजावून देईल, ते पुस्तकातून उमगण्यास वर्ष लागेल.

अनुदानाचेही तसेच. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. २०२२ साली त्यात उत्पादनाच्या प्रकल्पांची मर्यादा ५० लाख रुपये झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटास २५ टक्के व विशेष गटास ३५ टक्के अनुदान ठरले. ऐकणाऱ्यास वाटते, पैसे हाती आले. प्रत्यक्षात ती रक्कम बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते. खेळत्या भांडवलास तिचा उपयोग नाही.

नोकरीसंबंधी थोडेच सांगतो. घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये २०१३ पासून आपल्या भागातील मुलांस शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळू लागल्या, म्हणून ओढा तिकडे आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने कन्नड लिहिण्यावाचण्याइतकी पक्की करावी. उदगीरच्या अडत्याशी मराठीत, बीदरच्या कचेरीत कन्नडमध्ये आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याशी हिंदीत बोलणारा मुलगा हा खरा भांडवलदार! शहरात राहणाऱ्यांस ही मिळकत नाही.

आणखी एक सुचवितो. ज्याचे दुकान बंद पडले अशा माजी विद्यार्थ्यासही बोलवावे. तो संकोचेल, म्हणून त्याला व्यासपीठावर उभे न करता मुलांबरोबर सतरंजीवर बसवावे, हारतुरे टाळावेत, आणि प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. मुलींच्या चिठ्ठ्या आधी वाचाव्यात, कारण सभेत उठून विचारणे त्यांना अजून जड जाते. हिशेब मांडावयास एक फळा व खडू जवळ असला की झाले.