धन्वंतरीच्या हातातील कलश

आज आश्विन वद्य त्रयोदशी. सायंकाळी घरोघरी यमदीपदान होईल, धने-गुळाचा नैवेद्य दाखविला जाईल, वैद्यांच्या घरी श्रीधन्वंतरीचे पूजन होईल. त्या चतुर्भुज मूर्तीच्या एका हाती अमृतकलश असतो, तशी दुसऱ्या हाती जलौका, म्हणजे जळू. जाणत्याच्या हाती ती दूषित रक्त काढते. अजाणत्याच्या हाती अपाय करते. औषधाचेही तसेच आहे. न जाणलेले औषध चरकाचार्यांनी विषासमान मानले आहे.

हे आम्हांस ग्रंथातून ठाऊक होते. पटले ते सोलापुरात. काही वर्षांपूर्वी सात रस्त्यानजीक एका भाविकाच्या घरी समुद्रमंथनाचे आख्यान लाविले असता आम्ही गुळवेलीची थोरवी गायिली. मात्रा मात्र सांगितली नाही, कोणी घेऊ नये हेही नाही. पुढल्या वर्षी यजमानांचे वडील बंधू भेटले. ते नुकतेच काविळीतून उठले होते. म्हणाले, "बुवा, आपण सांगितलेला काढा एक दिवस चुकविला नाही हो!" कावीळ काढ्यानेच झाली, असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही, पण काढा तत्काळ बंद करविला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

पुढे तसाच प्रश्न मुंबईत उभा राहिला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असणे शक्य आहे, असे म्हटले. वाद विद्वानांचा, आपण एवढेच घ्यावे की, वेल ओळखण्यासही जाणकार लागतो.

म्हणून भाविकांस आमची विनंती आहे. औषध घ्यावे ते नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याने. वेष्टनावर निर्मात्याचा परवाना क्रमांक व तारीख पाहावी; बिननावाची पुडी घेऊ नये. बचनाग, कुचला यांसारखी द्रव्ये असलेले औषध वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये. मधुमेह बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे ध्यानी ठेवावे. चालू गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत, आणि काढा घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. गर्भवती, बालके व वृद्ध यांच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी.

यात श्रद्धेस उणेपणा नाही. सात रस्त्यावर उभा राहिलेला परगावचा वारकरीही पुढली वाट जाणत्यास विचारतो. त्याने त्याची विठ्ठलावरील निष्ठा कमी होत नाही. आता आम्ही औषधीची स्तुती करतो तेव्हा 'वैद्यांस विचारून' हे दोन शब्द जोडल्यावाचून पुढे जात नाही. आज धन्वंतरीपुढे दिवा लावताना आपणही तेवढा संकल्प करावा.