पीक किती आणि भूक किती? : डॉ. पांडुरंग सुखात्मे यांचें संशोधन

१९१८ सालच्या खेडा सत्याग्रहाचा इतिहास बहुतेक सुशिक्षितांनीं वाचलेला असतो. परंतु तो वाद मुळांत एका आंकड्यावरून पेटला होता, हें सहसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. पीक चार आण्यांच्या आंत आलें तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या आंतच आहे असें शेतकऱ्यांचें म्हणणें. तें त्याहून अधिक आहे असें सरकारी अधिकाऱ्यांचें. शेत एकच, पीक एकच, पण तें पाहणाऱ्या नजरा दोन. आणि खरें माप कोणापाशींच नव्हतें.

आणेवारीची ही रीत दिसावयास मोठी सोयीची होती. पूर्ण पीक म्हणजे कोठें सोळा आणे धरीत, कोठें बारा. उभ्या पिकाकडे पाहून यंदा तें दहा आणे कीं सात आणे हें गांवच्या कामगारानें सांगावयाचें. त्या प्रमाणानें एकरी उत्पन्नाचा ठराविक आंकडा कमी करावयाचा, आणि त्याला लागवडीच्या क्षेत्रानें गुणलें कीं जिल्ह्याचें उत्पन्न तयार! यांपैकीं क्षेत्राचा आंकडा रयतवारी मुलखांत बराचसा खात्रीचा असे, कारण तलाठ्याच्या दप्तरीं शेतवार नोंद होत असे. आण्यांचा आंकडा मात्र केवळ नजरेचा. आणि साऱ्याच्या सुटीशीं तो बांधलेला असल्यामुळें ती नजर क्वचितच निर्लेप राही. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लक्षावधि माणसें मेलीं व मोठ्या शहरांतून धान्याचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां देशांत धान्य आहे तरी किती, या साध्या प्रश्नाला भरंवशाचें उत्तर नव्हतें. तें उत्तर मिळविण्याची रीत ज्यांनीं घडविली, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें नांव अग्रभागीं आहे.

सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं २७ जुलै १९११ रोजीं सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून गणित घेऊन ते १९३२ सालीं पदवीधर झाले आणि पुढील वर्षीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दाखल झाले. तें विद्यालय म्हणजे त्या काळीं संख्याशास्त्राची काशीच होती. आर. ए. फिशर, ईगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन हे तिघेहि तेथें होते, आणि त्यांचे आपसांतील मतभेदहि विद्यार्थ्यांना तितकेच उद्बोधक होत असले पाहिजेत.

शितावरून भाताची परीक्षा, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु भात सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरतें. पातेल्याच्या तळाशीं करपलें असेल आणि वर कच्चें राहिलें असेल, तर प्रत्येक थरांतून शितें काढावीं लागतात. आणि ज्या थरांत कच्चेंपक्कें फार मिसळलें असेल त्यांतून अधिक. नेमन यांनीं १९३४ सालीं हाच विचार गणितानें मांडला. पण अडचण अशी कीं, कोणत्या थरांत किती विषमता आहे हें आधींच कसें कळावें? सुखात्मे यांनीं १९३५ सालच्या आपल्या निबंधांत या अडचणीचा विचार केला. आधीं लहानशी चाचणी-पाहणी करून ती विषमता अजमासानें काढली, तरीहि या वांटणीचा बराचसा लाभ पदरांत पडतो, असें त्यांनीं दाखविलें. संशोधक पंचवीस वर्षांचाहि नव्हता. पण प्रत्यक्ष पाहणी करणाराला कोठें ठेंच लागते हें त्याला कळलें होतें, असेंच म्हणावें लागेल.

१९४० सालीं ते दिल्लीच्या इंपीरियल कृषिसंशोधन मंडळांत संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, आणि या शास्त्राला शेतांत उतरविण्याची संधि त्यांना मिळाली. प्रत्येक तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें कांहीं गांवें निवडावयाचीं, प्रत्येक गांवांतून कांहीं शेतें, व प्रत्येक शेतांत एक ठराविक मापाचा तुकडा; त्या तुकड्यांतील पीक कापून, मळून, तोलावयाचें. निवड कोणाच्या मर्जीवर नाहीं आणि माप कोणाच्या नजरेवर नाहीं. बिहार-ओरिसांत जे. ए. हबॅक या अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या काळांत हा मार्ग चोखाळला होता; सुखात्मे व त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनीं त्याचा राजमार्ग केला. या दोघांनीं शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेलें इंग्रजी पाठ्यपुस्तक १९५४ सालीं निघालें. सुखात्मे यांचा नमुना-पाहणीवरील मोठा ग्रंथहि त्याच सालचा.

आतां तुकडा केवढा असावा? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु याच प्रश्नावरून हिंदुस्थानांतील संख्याशास्त्राचा एक गाजलेला वाद झडला. कलकत्त्याचे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं बंगालमध्यें १९३७ पासून तागाच्या पाहण्या चालविल्या होत्या. कायमधाऱ्याच्या त्या प्रांतांत तलाठ्यासारखा गांवकामगार नव्हता. म्हणून त्यांनीं फिरते, शिकविलेले पाहणीदार नेमले. पीक कापण्यासाठीं ते कांहीं फूट त्रिज्येचीं लहान वर्तुळें पसंत करीत. लहान तुकडा लवकर कापून होतो, तेव्हां तेवढ्याच खर्चांत पुष्कळ अधिक तुकडे घेतां येतात, हा त्यांचा युक्तिवाद सकृद्दर्शनीं बिनतोड होता.

सुखात्मे यांनीं लहान-मोठ्या तुकड्यांची तुलना प्रत्यक्ष शेतांत, विशेषतः मुरादाबाद जिल्ह्यांतील गव्हाच्या पिकावर, करून पाहिली. तुकडा जितका लहान तितकें एकरी उत्पन्न फुगलेलें निघतें, असें त्यांना आढळलें. १९४६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. कारण उघड आहे, पण कोणी सांगेपर्यंत सुचत नाहीं. दोरी आंखली कीं कांहीं रोपें नेमकीं दोरीवरच येतात. तीं आंत धरावीं कीं बाहेर? कापणाराचा हात तीं आंत ओढतो. त्यांत लबाडी नसते, मनुष्यस्वभाव असतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस फूट आणि परीघहि सुमारें साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागें एक फूट कड. उलट तेहतीस फूट लांब व साडेसोळा फूट रुंद अशा चौकोनांत, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्शांत, साडेपांच चौरस फुटांमागें फक्त एक फूट कड येते. कडेवरच्या रोपांचा घोळ तेवढ्यानें कमी होतो.

येथें संख्याशास्त्रांतील एक मोठा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. तराजूचा कांटा थरथरत असेल तर शंभर वेळां तोलून सरासरी काढावी. खरें वजन जवळ जवळ हातीं येतें. परंतु तराजूला पासंग असेल तर हजार वेळां तोलूनहि तीच चूक पुन्हां पुन्हां पदरांत पडते. लहान वर्तुळें कितीहि वाढविलीं तरी कडेची चूक वाढीव संख्येनें धुऊन निघत नाहीं, हें सुखात्मे यांचें म्हणणें होतें. शिकविलेल्या पाहणीदारांच्या हातीं ही चूक अगदीं लहान वर्तुळांतच होते, त्याहून मोठ्यांत उरत नाहीं, असें कलकत्त्याचें उत्तर. बंगालच्या परिस्थितींत त्या उत्तराला वजन होतेंच. पण जेथें महसूल व शेतकी खात्याच्या नित्याच्या नोकरांकडूनच काम करून घ्यावयाचें, तेथें मोठा तुकडाच सुरक्षित, हें कबूल करणें भाग आहे. पुढें देशभर रुळला तो मोठा तुकडा. आजहि अनेक पिकांसाठीं दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असा चौकोन आंखतात. जुन्या फुटांचेंच तें दशमान रूप. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेंत भरपाई ठरवितांना अशा पीककापणी-प्रयोगांचाच मुख्य आधार घेतला गेला. तेव्हां दोरीवरच्या रोपाची किंमत आतां थेट शेतकऱ्याच्या खात्यांत उमटते.

१९४७ सालीं भारतीय कृषिसंख्याशास्त्र परिषदेच्या स्थापनेंत सुखात्मे पुढें होते, डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ सालीं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले आणि सुमारें वीस वर्षें रोम येथें तिचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीं सांभाळला. तेथें मोजावयाची वस्तु बदलली. पीक गेलें, भूक आली.

जगांतील दोन तृतीयांश माणसें उपाशी आहेत, असें त्या काळीं मोठमोठे अधिकारी पुरुष सांगत. देशाच्या दरडोई अन्नाची सरासरी गरजेच्या सरासरीशीं ताडून असे निष्कर्ष काढीत. सुखात्मे यांनीं १९६१ सालीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें वेगळा हिशेब मांडला. एकाच घरांतील दोन भाऊ, वयानें व कामानें सारखे. एकाला चार भाकरी लागतात, दुसरा अडीचवर तृप्त व निरोगी असतो. गरजेची सरासरी हीच जर उपासमारीची रेषा मानली, तर धडधाकट लोकांपैकींहि सुमारें निम्मे उपाशी ठरतील! म्हणून निरोगी माणसांच्या गरजांत स्वाभाविक फरक किती, तें पाहून रेषा त्याच्या खालच्या टोकाशीं ओढावयाची. या रीतीनें शंभरांत दहा ते पंधरा माणसांना पोटभर अन्न मिळत नाहीं, असें उत्तर आलें. पोट भरूनहि निकस आहारावर जगणारे याहून पुष्कळ अधिक होते, हेंहि त्यांनीं त्याच निबंधांत सांगितलें.

निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि तेथेंहि वाद त्यांच्या दारीं आला. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत दारिद्र्याची रेषा दरडोई २२५० कॅलरींशीं जोडली होती. सुखात्मे यांना ती सरासरीचीच जुनी चूक वाटली. पुढें अमेरिकन आहारशास्त्रज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासमवेत त्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें: एकाच माणसाची गरजहि दिवसागणिक बदलते, आणि शरीर कांहीं मर्यादेंत कमी अन्नाशीं जुळवून घेतें. कडधान्यें, दूध यांच्या अभावीं प्रथिनें कमी पडतात ही ओरड अतिशयोक्त आहे, भाकरीच पोटभर मिळाली तर प्रथिनेंहि बहुधा पुरतात. आणि गलिच्छ पाण्यामुळें हगवण लागली तर खाल्लेलें अन्नहि अंगीं लागत नाहीं, म्हणून स्वच्छ पाणी व मोऱ्या यांची सोय अन्नाइतकीच निकडीची, असा त्यांचा आग्रह होता.

यावर डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारशास्त्रज्ञांनीं कडाडून हल्ला चढविला. शरीर जुळवून घेतें तें कशाच्या बदल्यांत? मूल खुजें राहून, मजूर हातचें काम कमी करून. तो आक्षेप सहज टाकून देण्याजोगा नव्हता. रेषा खालीं ओढली कीं तिच्या वर राहणाऱ्यांविषयीं सरकारला निश्चिंत होतां येतें, ही भीतिहि खोटी नव्हती. सुखात्मे यांचें गणित गरजेची किमान पातळी सांगत होतें. त्या पातळीवर जगणें कितपत बरें, हा प्रश्न गणिताबाहेरचा होता.

२८ जानेवारी १९९७ रोजीं सुखात्मे यांचें निधन झालें. अन्न व शेती संघटना दरसाल जगांतील अपुऱ्या आहाराचें जें प्रमाण प्रसिद्ध करते, त्याच्या गणिताचा पाया १९६१ च्या त्या निबंधांतलाच आहे. मात्र अलीकडील अहवालांत त्या आंकड्याशेजारीं खुज्या राहिलेल्या मुलांचें प्रमाणहि स्वतंत्रपणें छापलें जातें.