जुनं क्लॅरिओनेट घेताय? आधी त्यावरचा नंबर वाचा



लग्नसराई तोंडावर आली की गटाकडे बँडवाल्या घरांमधून कर्जाची मागणी येते. कुणाच्या मुलाला, कुणाच्या मालकांना जुनं क्लॅरिओनेट घ्यायचं असतं. विकणारा सांगतो, "अस्सल विलायती माल आहे, शंभर वर्षांपूर्वीचा!" असेलही. पण गटाचा पैसा नुसत्या शब्दावर देता येत नाही. म्हणून वाद्य ओळखायचं कसं, ते आज आपण बघू. त्यासाठी ते वाजवता यायलाच हवं असं नाही.

क्लॅरिओनेटचे पाच भाग असतात: माउथपीस, त्याखालचं आखूड बॅरल, वरचा जोड, खालचा जोड आणि शेवटी भोंगा. भाग सुटे करा आणि उजेडात धरा. कंपनीचं नाव बहुतेक वरच्या जोडावर किंवा भोंग्यावर कोरलेलं असतं. नंबर जोडांवर असतो. दोन्ही जोडांवर नंबर असून ते वेगळे निघाले, तर दोन वाद्यांचे तुकडे जुळवलेत असं समजा.

नंबरवरून वय कळतं, पण प्रत्येक कंपनीची नंबरांची यादी वेगळी असते. एकीची यादी दुसरीला लावू नका. कधी नुसतं नावही पुरेसं असतं. बूझी अँड हॉक्स ही इंग्लंडची कंपनी १९३० मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन झाली. त्यामुळे हे नाव असलेलं वाद्य त्याआधीचं असूच शकत नाही. यामाहाच्या वाद्यावर 'वायसीएल' या अक्षरांपुढे आकडा असतो, तेच त्याचं मॉडेल.

आता चाव्या मोजा. बोएम पद्धतीच्या नेहमीच्या क्लॅरिओनेटला १७ चाव्या आणि ६ कड्या असतात. जुन्या साध्या पद्धतीच्या वाद्याला चाव्या कमी, बहुधा १३. दोन्हींवर बोटं वेगळी पडतात. एकावर शिकलेल्याला दुसरं लगेच जमत नाही.

जुन्या इंग्रजी वाद्यावर 'एचपी' अशी अक्षरं दिसली तर थांबा. त्याचा सूर आजच्यापेक्षा चढा असतो. बाकीच्या बँडशी तो जुळत नाही, मग वाद्य कितीही देखणं असो.

लाकडी वाद्याच्या वरच्या जोडावर उभी चीर आहे का, तेही बघा. जुनं म्हणजे किमती, हा हिशोब इथे चालत नाही. वापराने वाद्य झिजतं आणि दुरुस्तीला खर्च येतो.

तेव्हा कर्जाच्या अर्जासोबत चार गोष्टी लिहून घ्या: कंपनीचं नाव, दोन्ही जोडांवरचे नंबर, चाव्यांची संख्या आणि दुरुस्तीचा अंदाज. आणि पैसे देण्याआधी, ज्याला ते वाजवायचंय त्याने बँडमधल्या इतरांसोबत ते एकदा वाजवून बघितलंच पाहिजे. हप्ते त्या सुरावरच फिटणार आहेत.