विवाहाच्या कायद्यातील ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे बाहेर पडतात. त्यांच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. मुकादमाची उचल सहसा या जोडप्याच्या हिशेबानेच ठरते. विवाह ही केवळ मनाची बाब नाही, ती पोटाची, घराची आणि हक्काचीही बाब आहे, हे या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच विवाहाचा हक्क कोणाला मिळावा आणि कोणाला नाही, हा प्रश्न महानगरांतील चर्चासत्रांपुरता उरत नाही.

याच जिल्ह्यातील माजलगावच्या पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या प्रकरणाने काही वर्षांपूर्वी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते. ललिता या नावाने पोलीस दलात दाखल झालेल्या साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे राज्याच्या गृह विभागाने अनुमती दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला.

साळवे यांचा प्रश्न लिंगओळखीचा होता, समलैंगिकतेचा नव्हे. हे दोन विषय भिन्न आहेत आणि त्यांची गल्लत करणे उभयतांवर अन्याय करणारे ठरेल. तथापि या प्रकरणातून कायद्याची एक रीत स्पष्ट होते. कागदावर एक पुरुष आणि एक स्त्री अशी नोंद झाली की विवाहाचे दार उघडते. दोन्ही नोंदी सारख्याच असतील, तर ते बंद राहते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात वयाची अट सांगताना पुरुषासाठी २१ आणि स्त्रीसाठी १८ वर्षे असा उल्लेख आहे. हिंदू विवाह कायदाही ‘वर’ आणि ‘वधू’ याच भाषेत बोलतो.

ही भाषा बदलावी, अशी मागणी संसदेत मांडणाऱ्यांत महाराष्ट्राच्या एका लोकप्रतिनिधीचे नाव ठळक आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. दोन पुरुषांच्या विवाहासाठी २१ आणि दोन स्त्रियांच्या विवाहासाठी १८ वर्षे वय असावे, तसेच ‘पती’ आणि ‘पत्नी’ या शब्दांऐवजी ‘जोडीदार’ हा अर्थ देणारा शब्द यावा, असे त्याचे स्वरूप होते. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही, हे लक्षात घेता त्याच्या संमतीची अपेक्षा फारशी नव्हतीच. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर ते विधेयकही व्यपगत झाले. परंतु निवडून येण्यासाठी ग्रामीण मतदारांपुढे जाणाऱ्या एका नेत्याने ही भूमिका सभागृहाच्या पटलावर ठेवली, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

या भूमिकेचे महत्त्व पुढच्याच वर्षी अधोरेखित झाले. समलिंगी विवाहाच्या मान्यतेसाठीच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायद्याची भाषा बदलणे हे न्यायालयाचे नव्हे, तर संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता असावी, असे मत नोंदविले. तिघांनी त्यास असहमती दर्शविली. भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हेही याच निकालात स्पष्ट झाले. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

केंद्र सरकारने या मागणीला विरोध केला होता. पती, पत्नी आणि अपत्ये ही भारतीय कुटुंबाची कल्पना असून ती बदलण्याचा अधिकार लोकनियुक्त सभागृहालाच आहे, असे त्याचे म्हणणे होते. निकालानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये काही खुलासे आले. समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास मज्जाव नाही, असे वित्त मंत्रालयाने कळविले. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील सदस्य मानावे, अशी सूचना राज्यांना देण्यात आली. मात्र नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. ज्याचे नाव खात्यावर आहे तो पैसे स्वीकारू शकतो, त्या पैशांवर अंतिम मालकी वारसांची असते. घर, शेत, निवृत्तिवेतन आणि दत्तक यांचे प्रश्न त्यामुळे तसेच राहतात.

नेदरलँड्सने २००१ मध्ये, तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ पासून असे विवाह कायदेशीर केले. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. भारतात मात्र आता न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलविला आहे आणि संसद लोकप्रतिनिधींच्या आवाजावर चालते. एका शिपायाच्या अर्जाने बीडपासून मुंबईपर्यंतची शासनयंत्रणा हलली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ज्या जोडप्यांच्या दोन्ही नोंदी सारख्या आहेत, त्यांचा अर्ज स्वीकारण्याचे धैर्य किती लोकप्रतिनिधी दाखवतात, यावर या प्रश्नाचे पुढचे उत्तर अवलंबून राहील.