उन्हाचे माप घेणारी बाई

औसा तालुक्यातल्या एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते आणि नुकसानभरपाईची चक्रे हलू लागतात. हा आकडा देते ते मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र. त्यातल्या पर्जन्यमापकात एक लहानशी डोलती बादली असते. ठरावीक पाणी साचले की ती कलंडते, आणि दर वेळच्या कलंडण्याची नोंद होते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर सोयाबीन पाण्यात उभे असूनही कागदावर पाऊस कमीच भरतो. यंत्र नीट मोजते की नाही, हा इथे थेट हक्काच्या पैशांचा प्रश्न आहे. असे असूनही, परीक्षेच्या तयारीच्या ज्या लातूर पॅटर्नचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, त्यात भौतिकशास्त्र म्हणजे नीट परीक्षेच्या 720 पैकी 180 गुण. ते मिळाले, वैद्यकीयला प्रवेश झाला, की या विषयाशी असलेला संबंध संपतो. निसर्गाचे माप घेणारी यंत्रे घडवणे आणि त्यांच्या खरेपणाची हमी देणे हे भौतिकशास्त्राच्या गाभ्यातले काम आहे आणि ते मराठवाड्यातल्या मुलींसमोर करिअर म्हणून ठेवले पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो अन्ना मणी यांच्या कारकिर्दीचा. त्या जन्माने केरळच्या, पण त्यांच्या कामाचा कणा घडला तो पुण्याच्या वेधशाळेत.

1918 साली पीरमेड येथे जन्मलेल्या मणी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन 1940 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. सातच वर्षांपूर्वी त्याच संस्थेत, त्याच रामन यांनी कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. कमलाबाईंनी तो झगडून आणि अपमानास्पद अटी सोसून मिळवला. मणी यांना मिळालेला विषय होता हिरे आणि माणके यांचे प्रकाशीय गुणधर्म. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी तपासले. हिऱ्यातून येणारा प्रकाश इतका क्षीण, की फोटोग्राफिक काचेवर त्याची रेषा उमटायला पंधरा-वीस तास लागत. तेवढा वेळ उपकरण हलू द्यायचे नाही आणि तापमान बदलू द्यायचे नाही. रात्री प्रयोगशाळेतच काढाव्या लागत. 1942 ते 1945 या काळात एकट्या त्यांच्या नावावर पाच शोधनिबंध आले. 1945 मध्ये प्रबंध सादर झाला, तेव्हा एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. ती पदवी त्यांना पुढे कधीच मिळाली नाही.

मग त्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. जायचे होते भौतिकशास्त्रासाठी, पण शिष्यवृत्ती होती हवामानाच्या उपकरणांसाठी. इथे एक रास्त आक्षेप येतो. बाईला ‘खऱ्या’ संशोधनातून बाजूला सारून सेवेच्या कामाला लावले गेले, त्या सक्तीचे कौतुक कशाला करायचे? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. पदवी नाकारणे हा अन्यायच होता, आणि नंतरच्या यशाने तो धुऊन निघत नाही. पण दुसरा भाग गृहीत धरतो की यंत्राचे काम खालच्या दर्जाचे. मणी यांनी पुण्यात जे केले ते पाहिल्यावर हे गृहीतक टिकत नाही.

1948 मध्ये त्या भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या उपकरण विभागात आल्या. त्या वेळी साधी हवामान-उपकरणेही मोठ्या प्रमाणावर परदेशातून यायची. एस. पी. वेंकटेश्वरन यांनी पुण्यात कार्यशाळेचा पाया घातला होता. 1953 मध्ये विभागाची सूत्रे मणी यांच्याकडे आली आणि 121 पुरुष त्यांच्या हाताखाली काम करू लागले. सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे त्यांनी प्रमाणित करून घेतली. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, म्हणजे 1957-58 मध्ये, त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले.

हे मापन किती नाजूक असते, ते पायरॅनोमीटर जवळून पाहिल्यावर कळते. काचेच्या दुहेरी घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. ऊन पडले की तो तापतो, आणि तापमानातल्या फरकातून काही मिलिव्होल्ट इतकाच विद्युतदाब निर्माण होतो. घुमटावर धूळ बसली, पहाटेचे दव राहिले, काळा लेप विटला किंवा बैठक जराशी कलली, तरी आकडा येतच राहतो. फक्त तो खोटा असतो. बंद पडलेले यंत्र निदान आपण बंद आहोत हे सांगते. म्हणून प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी पुनःपुन्हा ताडून पाहावे लागते. काच कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश आत सोडते, काळा लेप तो किती शोषतो, हे ज्याला कळते त्यालाच ती चूक पकडता येते. हिऱ्याचा वर्णपट वाचायला लागते तीच ही विद्या. मणी यांनी विषय सोडला नव्हता, तो प्रयोगशाळेबाहेर उन्हात नेला होता. पुढे वातावरणातला ओझोन मोजणाऱ्या भारतीय ओझोनसाँडच्या विकासाचे नेतृत्वही त्यांनी केले आणि थुंबाच्या अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभारली. 1976 मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावर 1980 आणि 1981 मध्ये भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचे त्यांचे दोन ग्रंथ आले. आज औशाच्या शिवारात सौर कृषिपंप बसतो, तेव्हा किती पॅनेलवर किती पाणी उपसले जाईल हा हिशेब ज्या प्रकारच्या आकड्यांवर उभा असतो, ते देशाला पद्धतशीरपणे प्रथम या कामातून मिळाले.

आता उपग्रह सगळे मोजतात, जमिनीवरच्या यंत्रांची गरज काय, असेही विचारले जाते. उपग्रहाला जमिनीवरचे ऊन थेट दिसत नाही. ढगांवरून आणि जमिनीवरून परतलेल्या प्रकाशावरून तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बरोबर आहे की नाही हे जमिनीवरच्या पायरॅनोमीटरशी ताडूनच ठरते. स्वतः मणी यांनी आपल्या बाई असण्याचा फारसा बाऊ केला नाही, मग आपण तो का करावा, हा आणखी एक प्रश्न. त्यांचा स्वाभिमान समजण्यासारखा आहे. पण एकीला प्रवेशासाठी झगडावे लागते आणि दुसरीला प्रबंध लिहूनही पदवी मिळत नाही, ही नोंद त्यांच्या संयमाने पुसली जात नाही.

मोजमापाचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. 1992 मध्ये तिथे लहान धक्के जाणवत होते, पण त्यांचा नेमका उगम सांगेल असे भूकंपमापकांचे दाट जाळे त्या भागात नव्हते. तेव्हाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. दाट जाळे असते तर भूकंपाचे भाकीत करता आले असते, असे कोणी म्हणू नये. ते आजही शक्य नाही. परंतु धोक्याची नोंद नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हे त्या पहाटेने शिकवले. 2002 च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. चार किलोमीटरच्या दोन भुजांतून धावणारा लेझर परत एकत्र येतो, आणि गुरुत्वीय लहरीने प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म असा बदल केला, तर तो शेवटी दिसतो एका प्रकाश-संवेदकावर. 2017 च्या नोबेलमध्ये किप थॉर्न यांच्या सिद्धान्ताइतकाच रायनर वाइस यांच्या उपकरण-रचनेचाही मान झाला. अशा वेधशाळेला केवळ सैद्धान्तिक शास्त्रज्ञ पुरणार नाहीत. आरसे, निर्वात नळ्या, संवेदक आणि त्यांचे अंशांकन रोज सांभाळणारी माणसे लागतील, आणि ती शेजारच्या जिल्ह्यांतून का येऊ नयेत?

तेव्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आणि औसा-लातूरच्या महाविद्यालयांना एक विनंती आहे. बी.एस्सी.च्या मुलींना प्रकल्प म्हणून आपल्याच मंडळातल्या हवामान केंद्राशेजारी प्रमाणित पर्जन्यमापक लावू द्या. दोन्हींचे आकडे पावसाळाभर ताडून पाहू द्या आणि आलेला फरक तहसीलदारांच्या टेबलावर ठेवू द्या. खर्च फार नाही, आणि सुरुवात येत्या जूनमध्येच करता येईल.