खोली कुणाला मिळते?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी व्हिसा, शिक्षणकर्ज, प्रेशर कुकर, भाजणी-मेतकूट या सगळ्याची तयारी महिनोन्महिने चालते. राहायचं कुठं, हा प्रश्न मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्याला वर्णभेद भेटतो तो बहुधा वर्गात नव्हे, घर शोधताना. लंडनचा इतिहास तरी हेच सांगतो.

श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ सुरू केलं. सावरकरांमुळे ते आपल्याला क्रांतिकारकांचं ठाणं म्हणून माहीत आहे, पण मुळात ते हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. राहायला जागा न मिळण्याची तीच वेळ पश्चिम आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांवरही होती. त्यांच्या संघटनेनं १९३३ मध्ये कॅम्डेनला स्वतःचं वसतिगृह काढलं. शहर दार उघडत नाही म्हटल्यावर या मुलांनी आपली दारं आपणच उभी केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतींमधून येणारे लोक वाढले. दुकानांच्या काचेवर भाड्याच्या खोल्यांची कार्डं लागत आणि त्यातल्या काहींवर ‘कलर्ड नकोत’ असं सरळ लिहिलेलं असे. वंशभेदाविरुद्धचा पहिला ब्रिटिश कायदा १९६५ मध्ये आला, पण त्यानं घरं वगळली. मग १९६७ मध्ये एका संशोधन संस्थेनं एक साधी, पण भेदक चाचणी घेतली. एकाच खोलीसाठी तिघं जण पाठवले : एक इंग्रज, एक हंगेरियन आणि एक वेस्ट इंडियन. हंगेरियन माणूस मुद्दाम घेतला होता. ‘आम्हाला रंगाचं काही नाही, परक्यांची सवय नाही’ ही सबब त्यामुळे तपासता आली. हंगेरियनही परकाच, उच्चारही परके. तरी त्याला खोली मिळे आणि वेस्ट इंडियन माणसाला वारंवार नकार. अडचण रंगाचीच होती, हे कागदावर आलं.

पुढच्याच वर्षी कायद्यात घरं आली. पण घरमालक त्याच लहान घरात राहत असेल, तर त्याला सूट होती. विद्यार्थी राहायचे ते नेमके अशाच घरांत!

आज तिथं २०१० चा समानता कायदा आहे, ‘कलर्ड नकोत’ अशी पाटी कुणी लावणार नाही. आता नकार ‘खोली आत्ताच गेली’ अशा शब्दांत येतो. इंग्लंडमध्ये भाडेकरूचा व्हिसा तपासण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, त्यामुळे काही जण परकं नाव किंवा चेहरा दिसला की कटकटच नको म्हणतात. स्थानिक जामीनदार मागितला जातो. तो नसेल तर काही महिन्यांचं भाडं एकरकमी मागण्याचीही पद्धत राहिली आहे. म्हणून पहिलं वर्ष विद्यापीठाच्या हॉलमध्येच काढावं, थोडं महाग पडलं तरी. विद्यापीठ जामीन राहतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावं. आणि घराबाबतची बोलणी फोनवर न ठेवता ईमेलवर करावीत. तक्रार करायची वेळ आलीच, तर हाती काही तरी हवं.

हे सगळं आपल्या मुलांसाठी आपण पोटतिडकीनं बोलतो. मग पुण्यात शिकायला आलेल्या नायजेरियन किंवा सुदानी मुलाला फ्लॅट दाखवताना सोसायटीत काय कुजबुज होते, तेही आपल्याला ऐकू यायला हवं. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियन विद्यार्थिनीला जमावानं मारहाण केली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. खासगी घरमालकानं वंश पाहून घर नाकारू नये, असं बजावणारा स्वतंत्र देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं पंधरावं कलम दुकानं, उपाहारगृहं, सार्वजनिक विहिरींबद्दल स्पष्ट बोलतं, भाड्याच्या खोलीचं नाव तिथं नाही. परदेशी विद्यार्थ्यांकडून भरघोस शुल्क घेणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी निदान पहिल्या वर्षाची खोली प्रवेशपत्रासोबतच द्यायला हवी.